दोन मिलिमीटरची माशी फोटोवरून कशी ओळखावी

कासच्या पठारावर सप्टेंबरात जाणारा माणूस तेरडा, सीतेची आसवं, गेंद यांचे फोटो भरभरून घेऊन येतो. तेच फोटो घरी मोठे करून पाहिले, की फुलांवर बारीक काळे ठिपके दिसू लागतात. त्यातले बरेच ठिपके म्हणजे दीड-दोन मिलिमीटरच्या माश्या असतात. आपल्याकडे त्यांना सरसकट चिलटं म्हणून झटकून टाकायची सवय आहे. पण द्विपंखी कीटकांच्या दीड लाखाहून जास्त जातींना आजवर शास्त्रीय नावं मिळाली आहेत, त्यांची दीडशेहून अधिक कुळं आहेत, आणि त्यातली कितीतरी कुळं साताऱ्या-सांगलीच्या माळावर, उसाच्या फडात, अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीतही सापडतात. नोंदी मात्र फारच थोड्या. नोंद कमी म्हणजे माशी दुर्मीळ असं समजू नका. बहुतेक वेळा तिच्याकडे कुणी निरखून पाहिलेलं नसतं, इतकंच.

म्हणूनच हौशी माणसाच्या फोटोला इथे खरी किंमत आहे. अट एकच: फोटोत जेवढं दिसतं तेवढंच नाव द्यायचं. कुळापुरता पुरावा असेल तर कुळावर थांबायचं, प्रजातीपुरता (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) असेल तर प्रजातीवर. मोठ्या हौसेनं लावलेलं चुकीचं जातिनाम हे नाव नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट, कारण ते पुढे नकाशांत आणि याद्यांत जाऊन बसतं आणि कुणी तपासत नाही.

आधी ती माशीच आहे ना?

द्विपंखी कीटकाला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन छोट्या दांड्या असतात, टोकाला गोल गाठ. त्यांना संतोलक म्हणतात. फोटोत पंखाच्या बुडाशी पांढरट किंवा पिवळसर गाठ दिसली की निम्मं काम झालं.

शेतातल्या नावांवर मात्र जाऊ नका. पांढरी माशी ही माशी नव्हेच, ती मावा-तुडतुड्यांच्या गणातली. ज्वारीची खोडमाशी आणि वेलवर्गीय भाज्यांची फळमाशी या खऱ्या माश्या. बारीक गांधीलमाश्या तर हमखास फसवतात. त्यांना चार पंख असतात, पण मागचे पंख पुढच्यांना चिकटून असल्यानं दोनच वाटतात. त्यांच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, लांब आणि बऱ्याचदा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, आणि पोटाशी कंबर असते. आणखी एक फसवणूक पिठ्या ढेकूण आणि खवले कीटकांच्या नरांची. त्यांनाही पंखांची एकच जोडी! पण त्यांच्या शेपटाकडे बहुधा मेणाचे लांब पांढरे धागे असतात. सांगलीकडे द्राक्षबागेत फोटो काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

कुठे शोधायच्या

सुरुवात घरापासून करा. खिडकीची काच ही या कामासाठी सगळ्यात चांगली जागा आहे. घरात शिरलेली माशी उजेडाकडे जाते आणि काचेवर चालत राहते. मागून आकाशाचा उजेड असल्यानं पंखातल्या शिरा लख्ख दिसतात, आणि काचेच्या दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर पोट आणि पायही मिळतात. न्हाणीघराच्या भिंतीवर पंख-अंग दाट केसांनी झाकलेली करडी माशी बसलेली असते, ती सायकोडिडी कुळातली. केळ्याची साल वाटीत ठेवली की दोन दिवसांत ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या फळांवरची चिलटं, हजर होतात. कुंडीतल्या ओल्या मातीवर सियारिडी कुळातल्या माश्या असतात.

बाहेर पडलात तर ओल, शेण, कुजकी फळं, मावा पडलेली पानं आणि कोळ्यांची जाळी या पाच जागा आधी बघा. जाळ्यावर का, तर सेसिडोमायडी कुळातल्या नाजूक माश्या कोळ्याच्या धाग्याला लोंबकळून विश्रांती घेतात. खेड्यात छपराला लोंबणारी दोरी, वायर किंवा कोळिष्टक संध्याकाळी बघा. त्यावर बारीक काळ्या माश्या ओळीनं बसलेल्या असतील, तर त्या डोळ्यांभोवती घोंगावणाऱ्या सिफनक्युलिना असण्याची बरीच शक्यता असते.

कासवर दोन जागा मला फार मोलाच्या वाटतात. पहिली दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती. तिच्या पानांवरच्या चिकट थेंबांत बारीक माश्या अडकलेल्या असतात. त्या हलत नाहीत, त्यामुळे शांतपणे हव्या तेवढ्या कोनांतून फोटो घेता येतात. दुसरी जागा कंदीलपुष्पाची. सेरोपेजिया प्रजातीची ही फुलं वासानं बारीक माश्यांना बोलावतात. माशी नळीत उतरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. केस कोमेजले की तिची सुटका होते, आणि जाताना तिच्या मुखावयवाला परागांच्या पिवळ्या पुंजक्या चिकटलेल्या असतात. अशा फुलांत मिलिचिडी, क्लोरोपिडी, सेराटोपोगोनिडी, फोरिडी ही कुळं जगभर नोंदली गेली आहेत. फुलाच्या तोंडाशी बसलेल्या माशीचा फोटो, तोंडाला परागपुंज लागलेला, म्हणजे माशी आणि वनस्पती दोघांचीही नोंद. मात्र फूल चिरून आत बघायचं नाही, वाट सोडून पठारावर गुडघे टेकायचे नाहीत. यातल्या काही कंदीलपुष्पांचं अख्खं जगच या डोंगरांपुरतं आहे.

फोटो कसा घ्यायचा

मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो भिंग पुरेशी आहे, निदान तीन मिलिमीटरच्या माशीपर्यंत. ती दोन-तीन सेंटिमीटरवर फोकस करते, म्हणून हात टेकायला आधार हवा. कॅमेरा असेल तर जुन्या १८-५५ लेन्सला उलटं जोडणारी रिंग किंवा लेन्सपुढे बसणारं क्लोज-अप भिंग घ्या. साध्या १:१ मॅक्रोवर (म्हणजे सेन्सरवर प्रतिमा खऱ्या मापाची) दोन मिलिमीटरची माशी फ्रेमच्या दहाव्या भागाएवढीही भरत नाही. दुप्पट मोठेपणा मिळाला तर तपशील येतो, पण लेन्सचं छिद्र एफ-११ इतकं लहान ठेवूनही स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर. म्हणजे डोळा स्पष्ट आला तर पंखाचं टोक धूसर. त्यावर उपाय फोटो जास्त घेण्याचाच. बर्स्ट (एका दमात सलग फोटो) चालू ठेवा आणि कॅमेरा केसभर पुढे-मागे करत राहा.

उजेड मऊ हवा. काळ्या चकचकीत माशीवर फ्लॅश थेट पडला की वक्षावर (छातीच्या भागावर) पांढरा डाग उठतो आणि त्याखालचे केस हरवतात. पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम फ्लॅशपुढे वाकवून लावला तर काम होतं. पहाटेची वेळ निवडा. यवतेश्वरच्या घाटावर किंवा चाळकेवाडीच्या पठारावर ऊन चढलं की वारा सुटतो, माशी तापते आणि बसत नाही.

आता कोन. एकाच माशीचे वेगवेगळे कोन मिळाले नाहीत तर पुढची ओळख अडते, म्हणून यात घाई नको. वरून सरळ घेतलेला फोटो आधी: त्यात वक्षावरचे राठ केस, पट्टे आणि डोळ्यांमधली जागा दिसते. मग बाजूनं, पाय आणि संतोलक येतील असा. मग समोरून चेहरा, कारण शृंगिका आणि चेहऱ्याचा फुगीरपणा तिथेच कळतो. सगळ्यात महत्त्वाचा पंखाचा फोटो. पंख पानाच्या किंवा आकाशाच्या उजळ पार्श्वभूमीवर येईल असा कोन शोधा. काळ्या पोटावर मिटलेल्या पंखाच्या शिरा कधीच वाचता येत नाहीत.

आकारासाठी पट्टी हवी, पण माशीशेजारी पट्टी नेली की ती उडते. त्यामुळे फोटो झाल्यावर झूम आणि फोकस न हलवता मिलिमीटरच्या पट्टीचा एक फोटो काढायचा, पट्टी स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा पुढे-मागे करून. घरी दोन्ही फोटो ताडून मापलं की लांबी मिळते. शेवटी फूल, पान, शेण, जे काही असेल त्या जागेचा एक साधा फोटो.

कुळापर्यंत कसं पोचायचं

पहिला प्रश्न शृंगिकांचा. त्या लांब, अनेक सारख्या सांध्यांच्या असतील तर माशी डास-मुरकुटांच्या बाजूची. आखूड, तिसरा भाग फुगीर आणि त्यावर एक केस, अशी असेल तर घरमाशीच्या बाजूची. एवढ्या एका निरीक्षणानं बरीच कुळं बाद होतात.

लांब शृंगिकांच्या बाजूला आपल्याकडे पाच कुळं वारंवार भेटतात. सायकोडिडी वर आलंच. कृष्णाकाठी दिव्याखाली थव्यानं येणारे, डासासारखे पण न चावणारे ते कायरोनोमिडी. बसताना ते पुढचे पाय उचलून धरतात, डास बहुधा मागचे उचलतो. नराच्या शृंगिका पिसासारख्या झुबकेदार असतात. त्यांच्याहून छोटे, गुबगुबीत आणि माद्या चावणारे ते सेराटोपोगोनिडी. यांतल्या काही जाती चतुराच्या पंखावर बसून शिरेतून रस शोषतात, त्यामुळे चतुरांचे जुने फोटोही एकदा मोठे करून बघा. सियारिडीचे दोन्ही डोळे शृंगिकांच्या वरून एका अरुंद पुलानं जोडलेले असतात आणि पंखाच्या मधोमध एक शीर दोन फाट्यांत फुटते. सेसिडोमायडीच्या पंखात शिरा अगदी मोजक्या आणि शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या. आंब्याच्या पानावर पुटकुळ्या दिसतात त्या अनेकदा याच कुळातल्या अळ्यांनी केलेल्या गाठी असतात. गाठीचा आणि झाडाचा फोटो असेल तर या कुळात माशीपेक्षा गाठच जास्त सांगते.

आखूड शृंगिकांच्या बाजूला गर्दी मोठी आहे. इथे मी आधी चाल बघायला सांगेन. काचेवर थांबत थांबत, झटक्यानं धावणारी, पाठीला पोक आलेली माशी फोरिडी. तिच्या पंखात पुढच्या कडेला दोन-तीन जाड शिरा आणि मागे पुसट, तिरक्या शिरा असतात. एकदा पाहिल्यावर विसरणं अवघड. शेणावर मुंगीसारखी बारीक कमरेची, पंख हलवत फिरणारी सेप्सिडी, बहुतेकांच्या पंखाच्या टोकाला काळा ठिपका. पानावर हिरव्या धातूसारखी चमकणारी, उंच पायांची डोलिकोपोडिडी. शेण-कुजक्या पाल्यावर बसणारी, मागच्या पावलाचा पहिला भाग आखूड आणि सुजलेला, ती स्फेरोसेरिडी. डोकं जवळजवळ सगळं डोळ्यांनीच भरलेली आणि हवेत एका जागी तरंगणारी पिपनक्युलिडी. हिच्या अळ्या तुडतुड्यांच्या शरीरात वाढतात, म्हणून भात आणि गवताच्या बांधावर शोधावी. पंखांवर नक्षी असेल तर टेफ्रिटिडीचा संशय घ्या, पण नक्षी आणखीही काही कुळांत असते.

चालीवरून निकाल लागला नाही, तर डोक्याचा वरचा भाग बघा. डोक्यावरच्या तीन साध्या नेत्रांभोवती मोठा, अनेकदा चकचकीत त्रिकोण आणि अंगावर राठ केस फारसे नाहीत, तर क्लोरोपिडी. लालसर डोळे आणि शृंगिकेवरचा केस पिसासारखा फाटे फुटलेला, तर ड्रोसोफिलिडी. तोंड आणि चेहरा पुढे फुगलेला, जागा पाण्याकाठची, तर एफिड्रिडी. अंग राखाडी-चंदेरी आणि जवळ मावा किंवा पिठ्या ढेकूण, तर कॅमीमायडी. पिवळी-काळी, दोन मिलिमीटरची, पानावर नागअळीच्या (पानाच्या आत पोखरत जाणाऱ्या अळीच्या) नागमोडी रेषा, तर ॲग्रोमायझिडी. नागअळीच्या बाबतीत घाई करू नये. टोमॅटो-वालावर सर्वत्र दिसणारी लिरिओमायझा ट्रायफोली १९९०च्या सुमारास भारतात आली, पण रेषा पाडणाऱ्या जाती बऱ्याच आहेत. रेषेचा आकार, यजमान झाड आणि प्रत्यक्ष माशी, तिन्ही हवं.

एक उदाहरण, सावकाश

फुलावर दबा धरून बसलेल्या खेकडा-कोळ्यानं मधमाशी पकडली आहे, आणि मधमाशीच्या अंगावर चार-पाच बारीक काळ्या माश्या चिकटून बसल्या आहेत. असं दृश्य कासवर किंवा घराजवळच्या बागेतही मिळतं. लोक कोळ्याचा फोटो घेतात आणि माश्या फ्रेमबाहेर जातात. कॅमेरा आणखी जवळ न्या.

शृंगिका आखूड, एक केस, म्हणजे घरमाशीची बाजू. लांबी दीड ते दोन मिलिमीटर. दुसऱ्याच्या शिकारीवर रस चाटायला येणं हे मिलिचिडीचं वागणं, पण फक्त वागण्यावर नाव ठरवू नका, कारण क्लोरोपिडी आणि इतर बारीक माश्याही अशा ठिकाणी येऊ शकतात. डोक्याच्या पुढच्या-वरच्या भागावर इंग्रजी एम अक्षरासारखी काळी खूण दिसते का? दिसली तर डेस्मोमेटोपा ही प्रजाती, आणि या प्रजातीच्या माश्या मधमाशीच्या शिकारीवर येण्यासाठी प्रसिद्धच आहेत. खूण दिसत नसेल तर पंखाची पुढची कड मोठी करा. मिलिचिडीमध्ये त्या कडेच्या शिरेला दोन ठिकाणी खंड असतो, क्लोरोपिडीमध्ये एका ठिकाणी. फोटोत तेही नाही? मग नोंद लिहायची: आखूड शृंगिकांची माशी, कोळ्याच्या शिकारीवर, मधमाशी कोणती, कोळी कोणता, फूल कोणतं. ही नोंद अपुरी नाही. वागण्याचा पुरावा असलेल्या नोंदी नमुन्यांच्या पेटीत सहसा मिळत नाहीत.

डेस्मोमेटोपापर्यंत पोचलात तरी जातीचं नाव देऊ नका. त्यासाठी मुखावयव आणि नराच्या जननांगांची रचना बघावी लागते.

कुठे थांबायचं

बहुतेक बारीक माश्यांत जात ठरते ती नराच्या जननांगांवरून, तेही सूक्ष्मदर्शकाखाली. फोरिडी कुळातल्या मेगासेलिया या एकट्या प्रजातीत दीड हजाराहून जास्त जाती आहेत. तिथे घरातल्या फोटोवर जातिनाम लिहिणं म्हणजे निव्वळ अंदाज. पण काही ठिकाणी फोटो पुरतो. न्हाणीघरातली पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेली मोठी सायकोडिडी क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा म्हणून बऱ्याच विश्वासानं सांगता येते. सेप्सिडीच्या नरांच्या पुढच्या पायांवर खाचा-काटे असतात, मीलनात मादीचे पंख धरण्यासाठी. ते प्रत्येक जातीत वेगळे, म्हणून पुढच्या पायांचा चांगला फोटो खूप दूर नेतो.

तासगावकडे द्राक्षाचा हंगाम उतरताना पडलेल्या घडांवर ड्रोसोफिलिडी गोळा होतात. त्यात डोक्यापासून वक्षाच्या टोकापर्यंत काळ्या किनारीचे पांढरे पट्टे असलेली, तांबूस माशी दिसली तर ती झॅप्रिओनस. यातल्या झॅप्रिओनस इंडियानस या जातीचं वर्णन १९७० साली भारतातल्याच नमुन्यांवरून झालं, आणि १९९९मध्ये ती ब्राझीलमध्ये सापडल्यापासून अमेरिका खंडात तिची मोठी चर्चा आहे. पट्ट्यांवरून प्रजाती लिहा. जातीसाठी पुढच्या पायाच्या मांडीवरच्या काट्यांचा फोटो लागतो, तो असेल तरच पुढे जा.

फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपनं सुचवलेल्या नावाबद्दल सांभाळून राहा. संगणकाला शिकवलेले फोटो मुख्यत्वे युरोप-अमेरिकेतले, त्यामुळे आपल्या माशीला तिकडचं जातिनाम चिकटण्याची प्रवृत्ती असते. सुचवलेल्या नावाची भारतात, निदान दक्षिण आशियात नोंद आहे का हे आधी बघा. नसेल तर एक किंवा दोन पायऱ्या वर जा. जुन्या भारतीय नोंदींसाठी कीटकतज्ज्ञ ब्रुनेटी यांचे ब्रिटिश भारताच्या प्राणिसंपदेवरचे द्विपंखी कीटकांचे १९१२, १९२० आणि १९२३चे खंड आजही उपयोगी पडतात. नावं बदलली आहेत, वर्णनं अजून चालतात.

नोंद करताना

तारीख, वेळ, गाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. ‘कास’ एवढं पुरत नाही, कारण सुमारे १२०० मीटरचं पठार आणि खालचं जंगल यांत माश्या वेगळ्या असतात. दुर्मीळ वनस्पतीवरची माशी असेल तर सार्वजनिक नकाशावर जागा धूसर ठेवा. आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर, दोन्हीकडे नोंद टाकता येते. एका माशीचे सगळे कोन एकाच नोंदीत टाका, दोन वेगळ्या माश्यांचे फोटो एकत्र मिसळू नका. फुलाची नोंद वेगळी करून दोन्हींना जोडा. मूळ फाइल न कापता जपून ठेवा. उद्या एखाद्या अभ्यासकाला तिच्या कोपऱ्यातली एक शीर हवी असेल.

आणि अभ्यासकानं नमुना मागितला तर? आरक्षित वनात, कोयना-चांदोली-सागरेश्वरसारख्या संरक्षित क्षेत्रात वनखात्याच्या परवानगीशिवाय एकही माशी पकडायची नाही. घरातल्या खिडकीच्या कोनाड्यात मेलेल्या माश्या मात्र आपल्याच असतात. त्या ओल्या ब्रशनं अलगद उचलून छोट्या कुपीत, डीएनएसाठी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. आत चिठ्ठी टाका, जागा आणि तारीख पेन्सिलीनं लिहिलेली. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.